वाचकांचे प्रश्न : बसला वेगळी वाट, पण पैसे कोणाचे?

हुबळी आणि धारवाड यांच्यामध्ये रस्त्याच्या मधोमध राखून ठेवलेल्या मार्गिकेतून धावणाऱ्या ‘चिगरी’ बससेवेबद्दल गेल्या अंकात या सदरात चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकच आहे : अशी सेवा गोव्यात, विशेषतः म्हापसा–पणजी मार्गावर, का सुरू होऊ नये? काही पत्रे उत्साहाची आहेत, दोन रागाची आहेत, आणि एक खासगी बसमालकाचे आहे. ते मला सर्वांत प्रामाणिक वाटले. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून उत्तरे देत आहे.

प्रश्न : मुलीकडे धारवाडला जाणे-येणे असल्यामुळे चिगरी बसने अनेकदा प्रवास केला. हुबळीहून बसलो की वाटेत कुठेही न तुंबता बस धारवाडला पोहोचते. ते अंतर सुमारे २२ किलोमीटर आहे, आपले म्हापसा–पणजी अंतर जेमतेम १३. मग आपल्याला काय अडचण आहे?
– एक निवृत्त शिक्षक, म्हापसा

उत्तर : आपण जे अनुभवले ते खरेच आहे, पण तो वेळ केवळ वेगळ्या मार्गिकेमुळे वाचत नाही. आपण त्या बसमध्ये चढलात तेव्हा पायरी चढावी लागली नाही, हे आपल्या लक्षात आले असेल. फलाट आणि बसचा तळ एकाच उंचीवर, म्हणजे सुमारे ९०० मिलिमीटरवर असतात. तिकीट आत शिरण्यापूर्वीच काढलेले असते आणि दारे रुंद असतात. त्यामुळे दहा-बारा माणसे चढली-उतरली तरी बस काही सेकंदांतच सुटते. शिवाय थांब्याजवळ दुसऱ्या बसला पुढे काढायला जागा ठेवलेली असल्याने सगळीकडे न थांबणाऱ्या जलद फेऱ्याही त्याच मार्गावरून चालवता येतात. ब्राझीलमधील कुरिचिबा शहराने १९७४ मध्ये बससाठी राखीव मार्ग सुरू केले, आणि आधी तिकीट घेऊन समपातळीवरून बसमध्ये शिरण्याची नळीच्या आकाराची स्थानके तेथे १९९१ मध्ये आली. मार्गिका आधी आणि दाराचा विचार नंतर, असा हा क्रम आहे. मार्गिकेचे फायदे पदरात पाडून घ्यायचे तर दाराकडेही पाहावे लागते, हे त्या शहराच्या ध्यानात यायला इतकी वर्षे लागली.

आपल्याकडचे दार कसे असते ते सांगतो. गेल्या महिन्यात याच वाटेवरच्या पर्वरीच्या एका थांब्यावर मी घड्याळ घेऊन उभा होतो. शुक्रवार होता, त्यामुळे म्हापशाच्या बाजारातून परतणारी मंडळी बसमध्ये बरीच होती. एक आजी सुक्या मासळीची पिशवी सांभाळत पुढच्या दाराशी आल्या. पायरी उंच असल्यामुळे वाहकाने आधी पिशवी खाली ठेवली, मग त्यांना हात दिला. तोवर चढणारे सहाजण त्याच दाराखाली रस्त्यावर ताटकळत होते. त्यांतल्या एकाने पाचशेची नोट पुढे केली आणि सुट्या पैशांचा संवाद पायरीवरच सुरू झाला. शेवटी बसच्या पत्र्यावर थाप पडली तेव्हा ४८ सेकंद झाले होते. तेवढ्या वेळात ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारी बस ४०० मीटर पुढे गेली असती. असे थांबे म्हापशापासून पणजीपर्यंत मोजून पाहावेत, म्हणजे वाहतूककोंडी नसतानाही बसला उशीर का होतो ते कळते.

गंमत अशी की, यावरचा अर्धा उपाय गोव्याला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. राज्य सरकारच्या कदंब परिवहन महामंडळाच्या शटल बससाठी आपण स्थानकावर रांग लावतो, खिडकीवर तिकीट घेतो आणि मगच बसमध्ये शिरतो. ती बस भरली की वाटेत न थांबता थेट जाते. परदेशी अहवालांत ज्या ‘बसबाहेर तिकीट’ व्यवस्थेचे इतके कौतुक असते, ती आपल्याकडे पणजीत पाटोच्या स्थानकावर रोज चालते. फक्त ती टोकाच्या स्थानकांपुरती आहे, वाटेतल्या थांब्यांवर नाही.

आता अंतराच्या तुलनेबद्दल. हुबळीला व्यापारपेठ आणि रेल्वे आहे, तर धारवाडला विद्यापीठ आणि उच्च न्यायालयाचे खंडपीठ. त्यामुळे सकाळी दोन्ही बाजूंनी गर्दी असते, आणि ही सेवा आखली गेली तेव्हा दोन्ही गावांची महानगरपालिका एकच होती. आपल्याकडे सकाळी बार्देश तालुक्यातून, म्हणजे म्हापशाकडून, पणजीकडे जाणारी बस ओथंबलेली असते आणि परतताना तिच्यात हवा असते. संध्याकाळी याच्या उलट. प्रवास एकाच दिशेचा असला तरी डिझेल, वीज आणि चालकाचा पगार दोन्ही दिशांना लागतो. ही गोष्ट पुढे पैशांच्या प्रश्नात पुन्हा येईल, म्हणून ती इथे नोंदवून ठेवतो.

प्रश्न : रस्ता आहे तेवढाच आहे. त्यातल्या दोन मार्गिका बसला दिल्या तर उरलेल्या वाहनांनी काय आकाशातून जायचे? दिल्लीने आणि भोपाळने हे करून पाहिले आणि शेवटी उखडून टाकले. ती चूक आपण का करावी?
– एक वाचक, पर्वरी

उत्तर : आपला राग समजू शकतो, आणि दाखलेही खरे आहेत. दिल्लीत आंबेडकर नगर ते मूलचंद या ५.८ किलोमीटरच्या टप्प्यावर २००८ मध्ये सुरू झालेली मार्गिका २०१६ मध्ये काढली गेली. भोपाळने २०१३ मध्ये सुरू केलेली मार्गिका दहा-अकरा वर्षांनी काढायला घेतली. पुण्याने डिसेंबर २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर जो पहिला प्रयोग केला, त्यात समपातळीचे फलाट नव्हते, बसबाहेर तिकीट नव्हते आणि मार्गिकेत दुचाकी सर्रास घुसत. २०१५ मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये नव्याने मार्ग सुरू करताना यांतील बऱ्याच त्रुटी दुरुस्त केल्या गेल्या, तरी त्यातलाही काही भाग नंतर उखडला गेलाच. अहमदाबादचे ‘जनमार्ग’ मात्र ऑक्टोबर २००९ पासून चालू आहे. तिथे पहिल्या दिवसापासून बंदिस्त स्थानके होती, ठरावीक बसच मार्गिकेत येत आणि त्यासाठी स्वतंत्र कंपनी होती. दिल्लीत शहरातील कोणतीही बस मार्गिकेत शिरू शकत असे. त्या सगळ्या चौकाच्या तोंडाशी एकामागे एक तुंबत आणि सिग्नलच्या फेऱ्या लांबत. म्हणून ‘करून पाहिले’ हा शब्द दोन्ही ठिकाणी सारखाच वापरता येणार नाही.

राहिला जागेचा हिशेब. सिग्नल असलेल्या रस्त्यावर एका मार्गिकेतून तासाला साधारण ८०० मोटारी जातात असे धरू. एका मोटारीत सरासरी दीड माणूस धरले, तर १२०० माणसे झाली. दर दोन मिनिटांनी एक बस आणि बसमध्ये ४० प्रवासी असतील, तर बसच्या मार्गिकेतूनही तासाला तेवढीच माणसे जातात. बस याहून दाट धावत असतील तर मार्गिका मोटारींना देणे हीच उधळपट्टी ठरते. दर सात-आठ मिनिटांनी एखादी बस येत असेल, तर शेजारच्या रांगेत घामाघूम झालेला माणूस मोकळ्या मार्गिकेकडे पाहून चिडणार आणि त्याचे चिडणे अवाजवी म्हणता येणार नाही. गोव्यात नोंदणी झालेल्या वाहनांची संख्या लोकसंख्येच्या घरात गेली आहे आणि त्यांत स्कूटरींचा भरणा मोठा आहे, हेही विसरून चालणार नाही. इथे मार्गिकेला खरा धोका आलिशान मोटारीपासून नसून दोन दुभाजकांच्या फटीतून आत सरकणाऱ्या स्कूटरपासून आहे.

रुंदीचे गणित आणखी कडू आहे. मधोमध बसच्या दोन मार्गिकांना ७ मीटर, स्थानकाला सुमारे ४, दोन्ही बाजूंच्या इतर वाहनांना १४, पदपथ आणि गटारांना ६ आणि दुभाजकांना एखादा मीटर धरला, तर स्थानकाच्या ठिकाणी ३२ मीटर लागतात. इतकी रुंदी गिरीच्या मोकळ्या भागात मिळू शकेल. म्हापसा शहरात किंवा मांडवीच्या पुलावर ती मिळणार नाही. म्हणून म्हापशापासून पणजीपर्यंत सलग १३ किलोमीटरची मार्गिका आखण्याचा हट्ट मला पटत नाही. बस अडकते ती ठरावीक ठिकाणी : पुलाच्या तोंडाशी, सर्कलवर आणि बाजारात. तेवढ्या ठिकाणी बसला रांगेच्या पुढे जाण्यासाठी दीड-दोनशे मीटरची स्वतंत्र पट्टी आणि सिग्नलवर आधी हिरवा दिवा दिला, तरी बराच वेळ वाचतो, आणि त्यासाठी कोणाचेही घर पाडावे लागत नाही.

पर्वरीकरांसाठी एक सूचना मात्र आग्रहाने करतो. पर्वरीच्या महामार्गावरील उड्डाणमार्गाचा उद्देशच असा आहे की, पणजीला थेट जाणारी वाहने वरून निघून जावीत. तसे झाले की खालच्या रस्त्यावर जी जागा सुटी होईल, त्यातली एक मार्गिका पहिल्या दिवसापासून बससाठी रंगवून घ्यावी. चार महिने थांबलात तर तिथे गाडे, वाहनांच्या रांगा आणि सवयी बसतील, आणि मग तीच जागा परत मागण्यासाठी मोर्चे काढावे लागतील.

प्रश्न : रस्ता, स्थानके, बस, चालक हे सगळे कोणाच्या पैशाने होणार? केंद्राकडून अनुदान येते म्हणतात. पण अनुदान संपल्यावर काय? आकड्यांसह समजावून सांगावे.
– एक लेखापाल, फोंडा

उत्तर : आपला प्रश्न या सर्व पत्रांतला कळीचा आहे, म्हणून त्याला जरा जास्त जागा देतो.

बांधणीचा खर्च आणि चालवण्याचा खर्च यांची दोन वेगळी खाती मांडावीत. बांधणीला पैसे मिळतात, कारण बांधणीचे उद्घाटन होते. २००५ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानात मोठ्या शहरांना केंद्राकडून ३५ टक्के, राज्याकडून १५ टक्के आणि उरलेले ५० टक्के स्थानिक संस्थेने उभारायचे, असे प्रमाण होते; लहान शहरांसाठी केंद्राचा वाटा ८० टक्क्यांपर्यंत जाई. अहमदाबादचे जनमार्ग त्याच अभियानातून उभे राहिले. हुबळी–धारवाडच्या प्रकल्पात जागतिक बँकेचे कर्ज आणि कर्नाटक सरकारचा मोठा वाटा होता, आणि एकूण खर्च साडेनऊशे कोटी रुपयांच्या पुढे गेला. म्हणजे किलोमीटरला चाळीस कोटींहून अधिक, ज्यात रस्त्याचे रुंदीकरण आणि भूसंपादनही आले. पणजीची स्मार्ट सिटी अभियानात २०१६ मध्ये निवड झाली, तेव्हा केंद्राकडून पाच वर्षांत जास्तीत जास्त ५०० कोटी आणि तितकीच भर राज्याने घालायची असा नियम होता. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने जाहीर केलेली पीएम ई-बस सेवा योजना ही त्यामानाने वेगळी आहे, कारण तिच्यात बस चालवण्यासाठी किलोमीटरमागे ठरावीक साहाय्य दहा वर्षे देण्याची तरतूद आहे. पण ती प्रामुख्याने तीन लाख आणि त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठी आखलेली आहे. २०११ च्या जनगणनेत पणजी महापालिका क्षेत्राची लोकसंख्या ४० हजारांच्या आसपास होती आणि म्हापशाचीही जवळपास तितकीच. गोव्याचे गणित शहरागणिक मांडले की ते नेहमीच तोकडे पडते. संपूर्ण राज्य हेच एक पसरलेले शहर आहे असे धरून मांडले, तरच ते जुळते.

आता दुसरे खाते. पुढचे आकडे उदाहरणादाखल धरलेले आहेत, कोणत्याही अहवालातले नाहीत. समजा, ४० बस रोज प्रत्येकी २०० किलोमीटर धावतात, म्हणजे एकूण ८,००० किलोमीटर. बस, वीज, चालक, देखभाल आणि विमा असे सगळे मिळून किलोमीटरला ७० रुपये खर्च धरू. रोजचा खर्च ५ लाख ६० हजार रुपये झाला. एका बसला दिवसाला ६०० प्रवासी मिळाले आणि सरासरी तिकीट १५ रुपये पडले, तर बसमागे ९,००० आणि ४० बसचे ३ लाख ६० हजार रुपये जमा होतील. रोजची तूट २ लाख, वर्षाची ७ कोटी ३० लाख. महागाई न धरताही बसच्या बारा वर्षांच्या आयुष्यात ही तूट साडेसत्त्याऐंशी कोटींच्या वर जाते. हा आकडा सविस्तर प्रकल्प अहवालात असतो, नाही असे नाही. पण तो शेवटच्या परिशिष्टात, बारीक अक्षरांत, प्रवासी दरवर्षी वाढत जातील या आशेवर बेतलेला असतो.

इथेच मार्गिकेची खरी किंमत कळते. वरच्या उदाहरणात बसचा सरासरी वेग ताशी १५ किलोमीटर असेल, तर २०० किलोमीटरना सव्वातेरा तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. रांगेच्या पुढे जाणाऱ्या पट्ट्या आणि जलद तिकीट यांमुळे तोच वेग २० झाला, तर तितक्याच वेळात प्रत्येक बस सुमारे २६७ किलोमीटर धावेल आणि ८,००० किलोमीटरसाठी ४० ऐवजी ३० बस पुरतील. दहा बस आणि त्यांचे चालक यांचा खर्च वाचला, आणि प्रवाशांना तितक्याच फेऱ्या अधिक वेगाने मिळाल्या. ज्यांना मार्गिका म्हणजे बसवाल्यांचा लाड वाटतो, त्यांनी ती तूट कमी करण्याचे साधन म्हणून पाहावी. मात्र ठेकेदाराला किलोमीटरमागे एकच दर दिला, तर ही बचत त्याच्या खिशात जाते. वेग वाढल्यावर दर कसा उतरेल, हे कंत्राटातच लिहून घ्यावे लागते.

उरलेली तूट कोणी भरायची? पुण्यात शहर बस चालवणाऱ्या ‘पीएमपीएमएल’ या कंपनीची तूट पुणे आणि पिंपरी-चिंचवड या महापालिका ६०:४० या प्रमाणात उचलतात. आपल्या मार्गावर एका टोकाला पणजी महापालिका, दुसऱ्या टोकाला म्हापसा नगरपालिका आणि मध्ये पेन्ह-द-फ्रान्स, सुकूर, गिरी अशा पंचायती आहेत. पंचायतींकडे पथदिवे दुरुस्त करायला पैसे कमी पडतात, त्यांच्याकडून बसची तूट मागण्यात अर्थ नाही. म्हणजे ती राज्यालाच भरावी लागणार, आणि ती दरवर्षी अर्थसंकल्पात हात पसरून नव्हे, तर एखाद्या बांधील उत्पन्नातून भरली गेली पाहिजे. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणानेही शहरी वाहतुकीसाठी स्वतंत्र निधीचा मार्ग सुचवला होता. कोलंबियातील बोगोटाने पेट्रोलवरच्या अधिभारातला मोठा वाटा आपल्या बसमार्गांना बांधून दिला. तेथील सेवा डिसेंबर २००० मध्ये सुरू झाली. गोव्यात सशुल्क पार्किंगचे उत्पन्न आणि पर्यटकांच्या भाड्याच्या वाहनांवरचा काही आकार अशा निधीत वळवता येईल. बसमार्गालगत जमिनीचे भाव चढतात, त्यातला वाटा सरकारने घ्यावा, ही कल्पना पुस्तकात फार सुंदर दिसते. पण आपल्याकडे भूरूपांतर (शेतीची किंवा मोकळी जमीन बांधकामाला खुली करणे) हा शब्द उच्चारला तरी ग्रामसभा पेटतात, आणि त्या उगाच पेटत नाहीत. तेव्हा बसचे निमित्त करून शेते आणि डोंगर वसाहतींना खुले करण्याचा मार्ग कोणी सुचवला तर त्याला माझा विरोध राहील.

प्रश्न : डिचोली–म्हापसा–पणजी मार्गावर माझ्या दोन बस आहेत. एकीचे कर्ज अजून फिटायचे आहे. अशी सेवा आली की आमचा परवाना गेला, हेच समजायचे ना? आम्ही शर्यत लावतो म्हणून लोक शिव्या देतात, पण बस भरली नाही तर हप्ता कोण भरणार?
– एक खासगी बसमालक, डिचोली

उत्तर : शर्यतीचे कारण आपण एका वाक्यात सांगितलेत, त्याबद्दल आभार. ज्याचे पोट तिकिटावर आहे, तो थांब्यावर बस भरेपर्यंत रेंगाळणार आणि मागून दुसरी बस दिसली की सुसाट सुटणार. चालकाला दंड करून हे थांबत नाही. मालकाला प्रवाशांमागे पैसे न देता धावलेल्या किलोमीटरमागे दिले, आणि तिकिटाचे पैसे एका सामाईक खात्यात जमा केले, की शर्यतीत कोणालाच रस उरत नाही. राज्य सरकारच्या ‘म्हजी बस’ योजनेमागचा विचार हाच आहे : खासगी बस कदंब महामंडळाच्या व्यवस्थेत आणायच्या आणि मालकाला किलोमीटरच्या हिशेबाने मोबदला द्यायचा.

मेक्सिको शहरात २००५ मध्ये राखीव मार्गिकेतली ‘मेट्रोबूस’ बससेवा सुरू झाली, तेव्हा त्या रस्त्यावरच्या छोट्या बसमालकांनी एकत्र येऊन कंपनी काढली आणि नव्या बस चालवण्याच्या कामात सरकारी संस्थेबरोबर वाटा घेतला. जुन्या परवान्याच्या बदल्यात त्यांना भागधारकाचे स्थान मिळाले. आपल्या संघटनेने हाच मुद्दा धरावा असे मला वाटते. मात्र करारावर सही करण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. पैसे किती दिवसांत मिळतील आणि उशीर झाला तर व्याज मिळेल का; डिझेलचा भाव वाढला की किलोमीटरचा दर आपोआप वाढेल का; आणि रोज किमान किती किलोमीटर चालवायला देण्याची हमी आहे. यातली पहिली अट सर्वांत महत्त्वाची, कारण तिकिटाचा गल्ला रोज संध्याकाळी हातात पडतो आणि सरकारी बिल कधी पडेल याचा भरवसा नसतो. तिकिटाचे पैसे थेट बँकेतल्या राखीव खात्यात जाऊन त्यातून आधी चालकाचे आणि मालकाचे देणे फिटेल, अशी व्यवस्था करारात मागावी. हप्ता थकलेल्या मालकाला धोरण समजावून सांगण्यात काही हशील नसते, हे मला मान्य आहे.

प्रश्न : मेट्रो किंवा मोनोरेल का नको? भविष्याचा विचार करायला नको का?
– एक अभियांत्रिकी विद्यार्थी, फर्मागुढी

उत्तर : केंद्राच्या २०१७ च्या मेट्रो रेल्वे धोरणानुसार मेट्रोचा प्रस्ताव पाठवण्यापूर्वी राखीव बसमार्ग, ट्राम आणि हलकी रेल्वे या पर्यायांची तुलना करून दाखवावी लागते. उन्नत मेट्रोचा खर्च किलोमीटरला दोनशे कोटींच्या पुढे सहज जातो. ४० हजारांच्या राजधानीत ती तुलना कोणत्या बाजूने झुकेल हे आपण स्वतःच गणित करून पाहावे. आपल्या अभ्यासक्रमात ते येतेच.

प्रश्न : मी पणजीत एका दुकानात काम करते. सुट्टी साडेआठला होते आणि तोवर गावाकडच्या बस संपत आलेल्या असतात. भाऊ स्कूटर घेऊन न्यायला येतो. सकाळी दोन मिनिटांनी बस मिळण्यापेक्षा मला रात्री दहाला एक बस हमखास मिळाली तर पुरे आहे. याचा कोणी विचार करते का?
– एक वाचिका, शिवोली

उत्तर : फार कमी. सर्वेक्षण करणारे सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ या वेळांत थांब्यांवर उभे राहतात. त्यानंतर बसच नसते, म्हणून प्रवासी मोजले जात नाहीत, आणि प्रवासी नाहीत म्हणून बस सोडली जात नाही. आपल्या भावाची स्कूटर या आकडेवारीत ‘खासगी वाहनाची पसंती’ म्हणून नोंदली जाते!

वर धरलेल्या ७० रुपयांच्या दराने हिशेब केला, तर म्हापशापर्यंत जाऊन परत येणाऱ्या २६ किलोमीटरच्या एका फेरीला १,८२० रुपये खर्च येतो. रात्री साडेआठ ते साडेदहा दर अर्ध्या तासाने, म्हणजे पाच फेऱ्या सोडल्या, तर रोजचे ९,१०० रुपये. तिकिटातून काही परत येईलच. चाळीस बसच्या रोजच्या साडेपाच लाखांच्या खर्चात ही रक्कम दोन टक्क्यांहूनही कमी आहे. म्हापशाहून शिवोलीपर्यंतचा प्रश्न तरीही उरतो. तिथे लहान बस किंवा निदान पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकल पायलटांना (भाड्याने प्रवासी नेणाऱ्या दुचाकीस्वारांना) स्थानकाजवळ उजेडातला थांबा मिळायला हवा. रात्रीची शेवटची बस नक्की आहे असा विश्वास बसला, की सकाळीही माणूस स्कूटर घरी ठेवून निघतो. त्यामुळे ही रात्रीची फेरी तिच्या स्वतःच्या तिकिटांवर तोलू नये.

प्रश्न : आमच्या पंचायतीच्या हद्दीतून असा मार्ग जाणार अशी चर्चा आहे. उद्या जाडजूड अहवाल ग्रामसभेपुढे ठेवला तर आम्ही कोणते पान आधी उघडावे?
– एक पंच, बार्देश

उत्तर : नकाशाच्या पानाकडे सगळे धावतील, तिथे घरे आणि भाट (बागायती) दिसतात, तेव्हा ते स्वाभाविकच आहे. आपण आधी सर्वेक्षणाच्या तारखा पाहाव्यात. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मोजणी झाली असेल तर पर्यटकांची वाहने त्यात मिसळलेली असणार, आणि जुलैच्या पावसात झाली असेल तर दुचाकीवाले बसकडे वळलेले असणार. मोजणीत एक शुक्रवार आणि एक साधा वार असावा, कारण म्हापशाच्या बाजाराच्या दिवशी बसमध्ये माणसांइतक्याच पिशव्या असतात. त्यानंतर एकेका टप्प्यात बसला आज किती मिनिटे लागतात आणि मार्गिकेनंतर किती लागतील, याचा तक्ता शोधावा. तो नसेल तर मार्गिका कुठे हवी हे अंदाजाने ठरवले आहे असे समजावे.

मग दहाव्या वर्षीचा चालवण्याचा खर्च आणि तो भरणाऱ्याचे नाव पाहावे. नावाच्या जागी ‘संबंधित यंत्रणा’ असे लिहिलेले असेल, तर त्याभोवती तांबडे वर्तुळ काढावे.

भूसंपादनाच्या यादीत खासगी, कोमुनिदाद (गावाच्या सामाईक मालकीच्या) आणि खाजन (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल) जमिनी वेगवेगळ्या दाखवल्या आहेत का, हे तपासावे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार बाजारभावावर शंभर टक्के दिलासा रक्कम द्यावी लागते आणि सामाजिक परिणामांचा अभ्यासही अपेक्षित असतो. त्याचा खर्च प्रकल्पाच्या बेरजेत धरलेला नसेल, तर किलोमीटरचा दर मुद्दाम स्वस्त दाखवला गेला आहे. गाडेवाल्यांची आणि पायलटांच्या थांब्यांची यादी बहुधा नसतेच, ती पंचायतीने स्वतः करून जोडावी.

अहवाल इंग्रजीत असेल तर मराठी किंवा कोकणी सारांश लेखी मागावा आणि तो मिळेपर्यंत विषय पुढच्या ग्रामसभेवर ठेवण्याचा ठराव घ्यावा. सभेत विचारलेला प्रत्येक प्रश्न, विचारणाऱ्याच्या प्रभागासह, इतिवृत्तात लिहिला गेला की नाही, हे सही करण्यापूर्वी सचिवांकडून वाचून घ्यावे.